परदेशातलं मिशन आटोपून परतताना: काय जपायचं, काय तपासायचं, काय निसटतं

पायवाट (धागाकर्ता)

तरुण वयात धर्मप्रसाराच्या परदेशी मिशनवर जाणाऱ्यांची जाण्याची तयारी महिनोन् महिने चालते. परतीची मात्र एका आठवड्यात उरकली जाते. नंतर मागे वळून पाहताना ज्याची हळहळ वाटते, ते बहुतेक त्याच आठवड्यात किंवा घरी आल्यावरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत निसटलेलं असतं: भाषा, पत्ते, तपासण्या, फोटो, कधी माणसंसुद्धा. म्हणून हा धागा. इथे आठवणींपेक्षा माहिती लिहू या. चर्चा लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या मिशनपुरती ठेवतो, कारण त्यांची पद्धत फार आखीव आहे. इतर पंथांच्या तरुण सेवकांनाही यातलं बरंच लागू पडेल.

पद्धत ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. चर्चची स्थापना ६ एप्रिल १८३० ची. सॅम्युअल स्मिथ हा पहिला मिशनरी त्याच वर्षी बाहेर पडला. आज मुलं २४ महिने जातात, मुली १८ महिने. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुलांचं किमान वय १९ वरून १८ वर आणि मुलींचं २१ वरून १९ वर आलं. मुलींसाठीही ते नोव्हेंबर २०२५ मध्ये १८ झालं. आधी डॉक्टर आणि दंतवैद्याची तपासणी, मग बिशप (स्थानिक मंडळीचा प्रमुख) आणि स्टेक प्रेसिडेंट (अशा अनेक मंडळींच्या गटाचा प्रमुख) यांच्या मुलाखती, मग अर्ज. कुठे जायचं हे अर्जदाराच्या हातात नसतं. प्रशिक्षणाचा काळ येत असलेल्या भाषेसाठी साधारण तीन आठवडे, नव्या भाषेसाठी सहा ते नऊ आठवडे. नेमणुकीच्या देशात मिशनरी जोडीने काम करतात; पहिले बारा आठवडे जोडीतला अनुभवी सोबती शिकवतो आणि पुढे दर सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते. ही बदली लक्षात ठेवा, कागदपत्रांच्या वेळी तिचाच प्रश्न येतो.

हिशेबवही

चांगला विषय काढलात. पैशांबद्दल गैरसमज फार आहेत, तेव्हा आधी तेच.

मिशनरीला पगार नसतो. खर्च तो स्वतः, त्याचं कुटुंब किंवा त्याची मंडळी उचलते. पूर्वी नेमणुकीच्या ठिकाणचा प्रत्यक्ष खर्च भरावा लागे, त्यामुळे महागड्या शहरात गेलेल्या मुलाच्या घरी ओढाताण व्हायची. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डेव्हिस विरुद्ध युनायटेड स्टेट्स या खटल्यात निकाल दिला, की आईवडिलांनी मिशनवरच्या मुलांच्या वैयक्तिक खात्यात थेट पाठवलेले पैसे देणगी म्हणून करातून वजा होणार नाहीत. त्यानंतर सर्वांसाठी समान मासिक रकमेची पद्धत आली. पैसे चर्चकडे जमा होतात आणि तिथून मिशनमार्फत मिशनरीच्या कार्डावर येतात. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी ही रक्कम जुलै २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर आहे, आधी ४०० होती.

कार्डावरचा पैसा जेवण, प्रवास आणि रोजच्या गरजांसाठी असतो. भेटवस्तू आणि स्मृतिचिन्हं वैयक्तिक पैशांतून. महिनाअखेर तंगी येते ती बहुतेक पहिल्याच आठवड्यात सगळा किराणा भरल्यामुळे आणि मध्येच बदली आल्यामुळे. सामान जुन्या घरात राहतं, खर्च नव्या घरात पुन्हा होतो. बदलीच्या आधीच्या दहा दिवसांत साठा करू नये.

परत निघताना तीन गोष्टी अडकतात. एक, मायदेशातलं बँक खातं व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेलं असतं. निघण्याआधी महिनाभर कुटुंबामार्फत ते सुरू करून घ्या. दोन, परदेशातला फोन नंबर. ईमेल, बँक, क्लाउड, जिथे जिथे त्या नंबरावर पडताळणीचा संकेतांक येतो तिथे नंबर बदलल्याशिवाय सिमकार्ड सोडू नका. नंबर बंद झाल्यावर खातं परत मिळवणं अतिशय जिकिरीचं असतं. तीन, सायकल. पुढच्या मिशनरीला विकलीत तर दोन ओळींची सही केलेली पावती ठेवा.

शुश्रूषा

तब्येतीबद्दल सविस्तर लिहिते. परतलेली मुलं धडधाकट दिसतात आणि घरचे खुशीत असतात, त्यामुळे या गोष्टी राहून जातात. नेमकं औषध डॉक्टरच ठरवतील. त्यांना काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते लिहिते.

मलेरियाच्या प्रदेशातून निघाल्यावर प्रतिबंधक गोळ्या लगेच थांबत नाहीत. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर निघाल्यानंतर आणखी ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर ४ आठवडे. शेवटच्या दिवसांत डास चावला असेल तर परजीवी आधी यकृतात वाढतो आणि नंतर रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन त्याला रक्तात आल्यावरच मारतात. विमानात बसलो म्हणजे संपलं, असं समजून गोळ्या सोडणं ही नेहमीची चूक. व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया तर यकृतात सुप्त राहून काही महिन्यांनी डोकं वर काढू शकतो. म्हणून परतल्यानंतर वर्षभरात केव्हाही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: अमुक देशात होतो, अमुक महिन्यात परतलो. रक्तदानाआधीही हे सांगायला हवं.

क्षयरोगाची चाचणी परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी करून उपयोग नाही. संसर्ग झाला असला तरी चाचणीत दिसण्याइतका प्रतिसाद शरीरात तयार व्हायला आठवडे लागतात. शेवटच्या संपर्कानंतर ८ ते १० आठवड्यांनी करा. लहान, कोंदट घरांत रोज तासन् तास बसणाऱ्यांनी ही टाळू नये.

आफ्रिकेतल्या तलावात किंवा नदीत उतरणं झालं असेल, मग पोहण्यासाठी असो की बाप्तिस्म्यासाठी, तर शिस्टोसोमा कृमीची रक्ततपासणी करून घ्यावी. तीही शेवटच्या संपर्कानंतर ६ ते ८ आठवडे उलटल्यावर. उष्ण, दमट देशात अनवाणी मातीतून चालणं झालं असेल तर स्ट्राँगिलॉइडीसबद्दल विचारा. हा कृमी लक्षणांशिवाय वर्षानुवर्षे शरीरात राहू शकतो. पुढे कधी दमा किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड सुरू झालं तर तो एकदम पसरून जिवावर बेतू शकतं. एका रक्तचाचणीने आणि थोडक्या औषधाने मिटणारी गोष्ट आहे.

पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड फेकू नका. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं. मिशनच्या काळात दवाखान्यात गेला असाल तर निघण्याआधी कागदांच्या प्रती मागून घ्या आणि औषधांची व्यापारी नावं नव्हे, मूळ नावं लिहून घ्या; व्यापारी नाव देशागणिक बदलतं.

राहिले पाय. नखं आत वाढणं, बोटांमधली बुरशी, टाचदुखी या चालणाऱ्यांच्या तक्रारी. बुरशी दिसेनाशी झाल्यावरही मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावा, आणि बुटांचे दोन जोड आलटून-पालटून वापरा म्हणजे प्रत्येक जोड पूर्ण वाळतो.

कोरा_कागद

शुश्रूषाताई, स्ट्राँगिलॉइडीसचा मुद्दा फारच महत्त्वाचा. वाचनखूण साठवली.

मी नोंदींबद्दल लिहितो. सगळ्यांत आधी निसटतात ती नावं. मिशनमध्ये सगळे एकमेकांना एल्डर किंवा सिस्टर आणि पुढे आडनाव, असेच ओळखतात. दहा वर्षांनी सोबत्याला शोधायला जावं तर पहिलं नाव माहीत नसतं आणि आडनाव हजारोंचं असतं. प्रत्येक सोबत्याचं पूर्ण नाव, गाव, कायमचा ईमेल आणि घरच्या एकाचा संपर्क बदलीच्या दिवशीच लिहून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत तर घरच्यांचा संपर्क हाच धागा उरतो.

मिशनसाठी दिलेलं ईमेल खातं कायमचं नसतं. दर आठवड्याची पत्रं त्यातच असतात. शेवटच्या महिन्यात सगळा टपाल-साठा उतरवून घ्या, आणि त्याची एक पीडीएफ प्रतही करा, कारण ती उघडायला कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान होतात आणि तारीख, ठिकाण यांची आतली माहिती गळते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा थेट कॉपी करा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरात. मेमरी कार्ड कपाटात ठेवून देणं म्हणजे जतन नव्हे. कागदी रोजनिशी ३०० डीपीआयला स्कॅन केली तर वाचायला पुरते, छापील फोटोंना ६०० द्या. गुळगुळीत फोटोच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो. तिथे फोटोंसाठीचं रंगद्रव्य-शाईचं पेन वापरावं आणि वाळू द्यावं.

एक काम बहुतेकजण करत नाहीत. राहत्या घराचा रस्ता, बाजार, बस थांबा, सभागृहाचं दार अशा साध्या जागांचे फोटो काढणं. माणसांचे शेकडो असतात. वीस वर्षांनी सर्वांत बदललेला असतो तो रस्ता.

द्विभाषी

भाषेकडे वळतो. मिशनमधली भाषा बोलून शिकलेली असते, म्हणून उच्चार आणि ओघ उत्तम असतो, पण ती एकांगी वाढते. प्रार्थना, कुटुंब, भावना, शास्त्रवचन यांवर तासभर बोलणाऱ्याला त्याच भाषेत घरभाड्याचा करार, निवडणुकीची बातमी किंवा गणिताचा तास झेपत नाही. दुसरी अडचण घट्ट बसलेल्या चुकांची. परक्या देशातल्या या तरुणाचं बोलणं लोक प्रेमाने समजून घेतात आणि दुरुस्त करत नाहीत. दोन वर्षं तीच चूक रोज घोटली गेली की ती मोडायला वेळ लागतो.

अमेरिकेतल्या अ‍ॅक्टफल तोंडी परीक्षेत वरची ‘सुपीरिअर’ पातळी हवी असेल तर अमूर्त विषयावर मत मांडून त्याचं समर्थन करावं लागतं, ‘असं झालं असतं तर’ या धर्तीचे प्रश्न हाताळावे लागतात. गोष्ट सांगणं आणि वर्णन करणं एवढ्यावर भागत नाही, आणि मिशनरी नेमके तिथेच थबकतात. तयारी करायची तर रोज एक अग्रलेख वाचून त्याच्या विरुद्ध बाजूने पाच मिनिटं बोला आणि ते रेकॉर्ड करा.

कोणती परीक्षा द्यायची हेही नीट बघा. जपानीच्या जेएलपीटीमध्ये बोलण्याची परीक्षाच नाही. सगळा भर वाचन, शब्दसंपदा आणि ऐकण्यावर. अस्खलित बोलणारा कांजीत (जपानीतल्या चित्रलिपीत) मार खातो. स्पॅनिशच्या डेलेचं प्रमाणपत्र कधी बाद होत नाही, कोरियनच्या टोपिकचा निकाल मात्र दोनच वर्षं चालतो. म्हणजे स्पॅनिशवाल्याने परतल्यावर लगेच परीक्षा देऊन मोकळं व्हावं. कोरियनवाल्याने निकाल कुठे दाखवायचा आहे ते ठरवून तारीख घ्यावी. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत परीक्षा देऊन भाषेचे श्रेयांकही (क्रेडिट) मिळतात.

पाळणाघर

चर्चा आवडली. घरात ती भाषा बोलणारं दुसरं कोणीच नसेल तर ती टिकवायची कशी? नुसती गाणी ऐकून होईल का?

द्विभाषी

@पाळणाघर, नाही. ऐकून समजणं उशिरा जातं, बोलताना शब्द आठवणं आधी जातं. त्यामुळे फक्त ऐकत राहिलं तर भाषा शाबूत आहे असा भास होतो. रोज वीस मिनिटं पुरतात, पण त्यांतली निम्मी तोंडाने बोलण्याची हवीत. आठवड्यातून एकदा तिकडच्या कुणाशी ठरलेल्या वेळी फोन. महिन्यातून एकदा एक पान लिहून कुणा जाणत्याकडून तपासून घेणं. मायदेशी तीच भाषा बोलणारी मंडळी असतील तर तिथे दुभाष्याचं काम मागून घ्या, दडपणाखाली भाषा पटकन ताजी होते. पहिलं वर्ष सांभाळलं की पुढचं सोपं.

रानफूल

मला घरी परतल्यावरच्या मनःस्थितीबद्दल लिहायचंय. ‘जुळवून घेईल हळूहळू’ म्हणून ती सोडून दिली जाते, हे मला पटत नाही.

मिशनच्या काळात सोबत्याच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं, हा नियम आहे. एकटं असणं जवळपास नसतंच. उठण्या-झोपण्याच्या वेळा, अभ्यास, दिवसाचा आराखडा, सगळं ठरलेलं. प्रेमप्रकरण बंद, करमणूक बंद. मग स्टेक प्रेसिडेंटना भेटून जबाबदारीतून मोकळीक मिळते, छातीवरची काळी नामपट्टी उतरते आणि त्याच रात्री ही सगळी चौकट एकदम नाहीशी होते. दुसऱ्या दिवसापासून नातेवाईक विचारायला लागतात: कॉलेज कधी, नोकरी काय, लग्नाचं काय. झोप बिघडते, साधा निर्णयही घेववत नाही, खोलीत एकटं बसवत नाही. ही श्रद्धेची घसरण नव्हे. आधार काढून घेतल्यावर कुणाचंही असंच होईल.

उपाय साधे आहेत. उठण्याची वेळ निदान सहा आठवडे तीच ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत कॉलेज, कर्ज, साखरपुडा असा कुठलाही मोठा निर्णय नको. आठवड्याचं नियोजन मिशनमध्ये ज्या दिवशी व्हायचं त्याच दिवशी करा, फक्त रकाने बदला: अभ्यास, काम, व्यायाम, सेवा, मित्र. परतणाऱ्यांसाठी चर्चचा ‘माय प्लॅन’ नावाचा उपक्रम आहे; तो मिशन संपण्याआधीच भरायला घ्यावा, कारण घरी आल्यावर तेवढा निवांतपणा मिळत नाही. उदासी, भूक मरणं किंवा रडू दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर समुपदेशकाकडे जा.

घरच्यांसाठी: स्वागतसमारंभ एकच, तोही छोटा. फेब्रुवारी २०१९ पासून मिशनरींना दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो, त्याआधी वर्षातून दोनदाच बोलणं व्हायचं. म्हणून आता घरच्यांना वाटतं की आपल्याला सगळं माहीत आहे. फोनवर मुलं चांगलंच सांगतात. खरं ऐकायचं असेल तर स्वयंपाकघरात कामाला लावून मोकळं बोलू द्यावं, समोर बसवून मुलाखत घेऊ नये.

कावेरी

आणि मुदतीआधी परतलेल्यांचं काय? त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

रानफूल

कावेरी, बरं झालं विचारलंत. चिंता, नैराश्य, पाठीचं किंवा पोटाचं दुखणं, घरातलं संकट अशा कारणांनी मुलं लवकर येतात. आजारपणामुळे मिळालेली मोकळीकही सन्मानपूर्वकच असते. त्यांना घरी राहून करायचं सेवा-मिशनही घेता येतं. उरलेला काळ मदतकार्यात, संग्रहालयात किंवा अन्नवाटपात देता येतो. मंडळीतल्यांनी ‘का आलास?’ आणि ‘परत कधी जाणार?’ हे दोन प्रश्न विचारू नयेत. ‘तिथलं एखादं माणूस आठवतं का?’ असं विचारलं तर तो बोलतो. आणि कुणाला किती सांगायचं हे त्यालाच ठरवू द्यावं. आईवडिलांनी परस्पर कारणं सांगत फिरणं सर्वांत जास्त लागतं.

उंबरा

सहमत, प्रत्येक शब्दाशी.

आपण ज्यांना शिकवलं, त्यांचाही विचार या धाग्यात व्हायला हवा. आकड्यांच्या मागे लागलं की काय होतं याचं उदाहरण चर्चच्याच इतिहासात आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि १९६० च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मुलांना बेसबॉलच्या संघात घेऊन लगोलग बाप्तिस्मा दिला गेला. बहुतेक मुलं लवकरच दिसेनाशी झाली. आता बाप्तिस्म्याआधीची मुलाखत शिकवणारा मिशनरी घेत नाही, डिस्ट्रिक्ट किंवा झोन लीडर (मिशनरींच्या गटाचा प्रमुख) घेतो. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची परवानगी लागते. ही पाचर योग्य जागी मारलेली आहे.

परतल्यावर संपर्क ठेवावा, पण आपणच एकमेव दुवा राहू नये. निघण्याआधी प्रत्येक कुटुंबाची ओळख स्थानिक मंडळीतल्या दोघांशी करून द्या, एका भेटीत सगळेच समोर हवेत. नुसता नंबर देऊन भागत नाही. नंतर पैशांची मागणी आली तर परस्पर पाठवू नका, स्थानिक बिशपला कळवा. तिथली गरज आणि पुढचं वाटप त्यालाच दिसतं.

आणि फोटो. एखाद्याने धर्म बदलला हे त्याच्या घरी किंवा कामावर कळलं तर त्याला त्रास होऊ शकतो. रशियात जुलै २०१६ च्या कायद्याने धर्मप्रसारावर कडक बंधनं आली आणि तिथले मिशनरी ‘स्वयंसेवक’ म्हणून काम करू लागले. अशा देशांतले जुने फोटोही समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्या माणसाला विचारा, आणि नाव व ठिकाण काढून टाका. बाप्तिस्म्याचा फोटो आपला असला तरी गोष्ट त्याची आहे.

शिक्का

कागदपत्रांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पुढे कधी दुसऱ्या देशात स्थायिक व्हायचं झालं तर मिशनच्या देशाचं पोलिस प्रमाणपत्र लागू शकतं. अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी, वयाच्या १६ नंतर ज्या दुसऱ्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिलात, त्याचं प्रमाणपत्र मागतात. कॅनडा गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या देशाचं मागतो. म्हणजे मिशन दोन्हीकडे नियमात बसतं. परदेशातून अर्ज करताना काही देश बोटांचे ठसे मागतात आणि वेळ लागतो. तिथे असतानाच ते मिळत असेल तर घेऊन ठेवा, पण प्रमाणपत्राला मुदत असू शकते, हेही बघा.

जुना पासपोर्ट, निवास परवान्याच्या दोन्ही बाजू आणि येण्या-जाण्याचे शिक्के स्कॅन करा. व्हिसा उशिरा आल्यामुळे सुरुवातीला दुसऱ्या मिशनमध्ये तात्पुरतं काम केलं असेल तर त्याही तारखा लिहा. अर्जात मधले महिने रिकामे दिसले की चौकशी होते.

पाळणाघर

परतून काही वर्षं झाली असतील आणि पत्ते आठवतच नसतील तर? दर बदलीला घर बदललेलं असतं.

शिक्का

@पाळणाघर, जुळवता येतात. आधी दर आठवड्याची पत्रं तारखेने लावा, बदलीचा आठवडा त्यांत सापडतो. मूळ फोटो असतील तर त्यांतल्या ठिकाणाच्या नोंदीवरून नकाशावर इमारत मिळते. फोटोंत ठिकाण नसेल तर कार्डाच्या विवरणातून जवळची दुकानं कळतात. सोबत्याला विचारा, कारण त्या काळात त्याचाही तोच पत्ता होता. मग मिशन कार्यालयाला ईमेल करा. नावाबरोबर सेवेच्या सुरुवातीचा आणि शेवटचा महिना द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सोपं जातं. कार्यालयातली माणसं बदलत राहतात, म्हणून दोन आठवडे थांबून एकदा आठवण करा. जे तरीही मिळणार नाही तिथे शहर आणि महिने लिहून, नेमका घरक्रमांक उपलब्ध नाही असं अर्जात स्पष्ट नमूद करा. अंदाजाने क्रमांक भरू नका.